सरकत्या चौकटी

रत्नाकरचा फोन आला तेव्हा हेमांगी दाभोळच्या खाडीला रंग देत बसली होती. हिरवट ठेवला की खाडी शेतासारखी दिसायची, निळा दिला की बंदर आणि उघडा समुद्र यांतला फरक कळेनासा व्हायचा. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

‘पंचशाही’ हा त्यांच्या नाशिकच्या छोट्या स्टुडिओचा खेळ. सोळाव्या शतकातलं दख्खन. पाच शाह्यांपैकी एक आपली म्हणायची आणि किल्ले, पेठा, घोडदळ, दुष्काळ, परक्या दरबारांचे वकील, सोयरिकी असा सगळा पसारा सांभाळत राज्य टिकवायचं. खेळ बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती आणि आता त्याला ‘दर्या’ नावाची पुरवणी येणार होती. चौल, दाभोळ, गोवा आणि पलीकडचा अरबी समुद्र. पुरवणीची आगाऊ विक्री त्याच दिवशी सुरू झाली होती.

“घेतली बरं का मी,” रत्नाकर म्हणाला. “आणि आभारी आहे.”

“आभार कसले, दादा?”

“एकोणीस रुपयांत दिलीस ना. आमच्या खेळणाऱ्यांच्या गटात सगळ्यांना आठशे नव्व्याण्णव दाखवतंय. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, बहीण आत आहे, तिला कशाला अडचणीत आणा.”

“मी काही केलेलं नाही.”

“असू दे, असू दे. ऑफिसात आहेस, कळतंय मला.” आणि हसत त्यानं फोन ठेवला.

रत्नाकर दुसाने तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. नाशिकहून सुरतेला जाणारी विजेवरची प्रवासी बस तो चालवायचा, एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याच्या घाटातून परत. सुटीच्या दिवशी तो अहमदनगरचा निजामशहा असायचा. खेळात त्याचं राज्य इतकं जुनं झालं होतं की बाकीच्या चार शाह्या त्याला विचारल्याशिवाय लग्न ठरवत नसत.

एकोणीस रुपये. खेळ इतका मनापासून खेळणाऱ्या माणसाला एवढ्या स्वस्तात कोण देईल? हेमांगीनं खाडी तशीच टाकली आणि ती तन्वीरच्या टेबलाशी गेली.

तन्वीर सय्यदनं पुरवण्यांचे भाव ठरवणारं यंत्र बांधलं होतं. त्याचं नाव ‘तराजू’. आता सगळीकडेच माणसागणिक भाव निघत होते. विमानाच्या तिकिटापासून दुधाच्या पिशवीपर्यंत. कायद्यानं एवढंच म्हटलं होतं की छापील किमतीच्या वर जायचं नाही. खाली किती जायचं, हे तराजू ठरवायचा.

“तो काय बघतो, माहितेय ना?” तन्वीर म्हणाला. “हा माणूस पुढं किती काळ आपल्याकडं राहील. जो राहणार आहे तो आज नाही तर उद्या पूर्ण भावात घेईल. जो खेळ सोडून चाललाय, त्याच्याकडून जाता जाता मिळेल ते घ्यायचं. म्हणून त्याला स्वस्त.”

“माझा भाऊ सोडून चाललाय? त्याचं नाव काढ.”

तन्वीरनं नाव काढलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. रत्नाकर महिन्यागणिक जास्तच खेळत होता. आधीच्या तिन्ही छोट्या पुरवण्या त्यानं पहिल्या दिवशी पूर्ण किमतीत घेतल्या होत्या. तरी तराजूचं म्हणणं असं, की हा वर्षभरात जाणार. नुसता अंदाज नव्हे, जवळजवळ खात्रीच.

“का म्हणतोय असं?”

“का ते तो सांगत नाही गं. शेकडो खुणा एकत्र घालून एक आकडा काढतो. कुठल्या खुणेनं पारडं झुकलं ते त्यालाही माहीत नसतं.” मग त्याला स्वतःलाच राहवलं नाही. “थांब. एकेक खूण झाकून बघू.”

दोघं जेवायचं विसरून बसले. खेळण्याचे तास झाकले, भाव एकोणीसच. जुनी खरेदी झाकली, तरी एकोणीस. हरलेल्या लढाया, मित्रांशी बोलणं, वय, गाव, एकेक करून सगळं झाकलं. आकडा रुपया-दोन रुपये हलायचा आणि परत जागेवर यायचा. शेवटी तन्वीरनं ‘चौकटींच्या जागा’ झाकल्या. भाव एका झटक्यात आठशे नव्व्याण्णव झाला.

“हे तर तुझं खातं,” तो हेमांगीकडं बघत म्हणाला.

खरंच तिचं होतं. अशा खेळांत पडदा नुसता नकाशानं भरत नाही. धान्याची कोठारं, खजिना, सैन्य, आलेले वकील, प्रत्येकाची एक चौकट पडद्याच्या कडेला असते, आणि काही घडलं की ती लुकलुकते. कुठली चौकट कुठं ठेवावी यावर रचनाकार वर्षानुवर्षं भांडत आलेत. हेमांगीनं ते भांडणच मिटवलं होतं. चौकट लुकलुकल्यापासून खेळणाऱ्याचं बोट तिथं पोचेपर्यंत किती वेळ गेला, तेवढं खेळ मोजायचा, आणि जिथं ती पटकन सापडते त्या दिशेनं तिला केसभर सरकवायचा. रोज केसभर. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. काही महिन्यांत प्रत्येकाचा पडदा पायाला बसलेल्या जुन्या चपलेसारखा होऊन जायचा. डावखुऱ्यांचा एक, घाई करणाऱ्यांचा एक, चष्मा नाकावर घसरणाऱ्यांचा एक. ‘सरकत्या चौकटीं’साठी तिला बक्षीसही मिळालं होतं.

तिनं रत्नाकरचा पडदा उघडला आणि ती बघतच राहिली. सगळ्या चौकटी वर चढल्या होत्या. खजिना, कोठारं, वकील, सैन्य, सगळे उजव्या वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसले होते, पुरात छपरावर चढलेल्या माणसांसारखे. पडद्याचा खालचा अर्धा भाग रिकामा होता. डावीकडं तर काहीच नव्हतं.

“अशी मांडणी आणखी कुणाची आहे?” तिनं विचारलं.

होती. आत्ता खेळणाऱ्यांत अशी थोडीच माणसं होती, पण आधीच्या वर्षांत बरीच होऊन गेली होती. चौकटी हळूहळू वर चढायच्या, आणि वर चढून झाल्या की पुढच्या काही महिन्यांत तो माणूस कायमचा निघून जायचा. तराजूनं हे पाहून ठेवलं होतं. ते का जातात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

त्या गेलेल्यांमध्ये एक नाव हेमांगीच्या ओळखीचं निघालं. पद्माकर गणोरकर, अमरावतीचे निवृत्त भूमापक. खेळ तयार होत असताना चाचणीसाठी त्यांनी हौसेनं मदत केली होती आणि विजापूरच्या एका नदीचं वळण चुकलंय म्हणून तिच्याशी तासभर वाद घातला होता. तिनं त्यांना फोन लावला. मुलीनं उचलला.

“बाबा आता खेळत नाहीत हो. दिसत नाही त्यांना. काचबिंदू होता, फार उशिरा कळलं. थांबा, तुमचं नाव ऐकून हात पुढं करतायत.”

“हेमांगीबाई,” गणोरकरांचा आवाज तसाच खणखणीत होता. “दर्या आला का?”

“येतोय, काका. काका, एक विचारू? तुम्हाला कधी जाणवलं नाही, की दिसणं कमी होतंय?”

“अहो, तेच तर नवल. घरात पायऱ्या चुकायच्या, पण ते म्हटलं वय. वाचायचं म्हटलं तर पान पुढं धरलं की अक्षर स्वच्छ. आणि मी दिवसातला अर्धा वेळ तुमच्या खेळात. तिथं मला शेवटपर्यंत काही अडलंच नाही. इतका सोयीचा केला होता तुम्ही.”

ते कौतुकानं म्हणाले होते.

काचबिंदूबद्दल तिनं त्या दिवशी जे वाचलं ते असं. डोळ्यातला दाब वाढून मागची नस झिजत जाते. आधी कडेचं दिसणं जातं. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून भिंतीवरची अक्षरं माणूस खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवतो. दुखत नाही, लाल होत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि दोघांनाही जमलं नाही तर मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा स्वतःच रंगवून टाकतो. गेलेलं परत येत नाही. मात्र वेळेत कळलं तर साध्या थेंबांनी उरलेलं टिकतं.

रविवारी सकाळी ती सातपूरला भावाकडं गेली. रत्नाकर खेळतच होता. कल्याणी वहिनींनी तिच्या हातात पोह्यांची बशी दिली.

“दादा, माझं एक काम आहे. तुझ्या चौकटी मी पहिल्यासारख्या लावते. तू नेहमीसारखा खेळ, मी फक्त बघते.”

“कर की. माझं राज्य बुडवू नकोस म्हणजे झालं.”

तिनं चौकटी मूळच्या जागी नेल्या. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं खाली डावीकडं कोठाराची चौकट लुकलुकू लागली. रत्नाकर परांड्याच्या वाटेवर घोडदळ हलवत राहिला. चौकट पिवळी झाली, मग तांबडी.

“दादा, खाली. डावीकडं.”

त्यानं मान वळवली. “अरे, हे कधी आलं? आवाज का नाही केला त्यानं?”

पुढच्या वेळी वकील आला आणि वाट बघून परत गेला. त्याच्या पुढच्या वेळी दौलताबादच्या पेठेला आग लागली आणि अर्धी पेठ जळेपर्यंत रत्नाकरला पत्ता नव्हता. त्यानं हात बाजूला घेतला.

“तू माझ्याबरोबर बसलीयस का मला तपासतेयस?”

“तपासतेय.”

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “परवा यांचा पाय उंबऱ्याला अडखळला. मागच्या आठवड्यातही. आणि बसचं ते सांगा ना.”

“बसचं काही नाही. ती आपोआप ब्रेक लावते. पुढं काही आलं की थांबते. दोनदा थांबली उगाच.”

“उगाच नव्हती,” वहिनी म्हणाल्या. “एकदा स्कूटरवाला होता. तुम्हीच सांगितलंत मला.”

मग हेमांगीनं सगळं सांगितलं. तराजूचं, वर चढलेल्या चौकटींचं, गणोरकरांचं. रत्नाकरनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे तुमच्या यंत्राला माहीत होतं. आणि मला सांगायचं सोडून त्यानं भाव कमी केला.”

“त्याला आजार माहीत नव्हता, दादा. एवढंच कळत होतं, की तू जाणार.”

“तेच म्हणतोय मी.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदूच सांगितला. दोन्ही डोळ्यांत, खालच्या बाजूला, डावीकडं जास्त. मात्र मधली नजर उत्तम होती, आणि रोज नेमानं थेंब घातले तर ती तशीच राहण्याची चांगली आशा होती. प्रवासी गाडी चालवायला डॉक्टरबाईंनी नकार दिला तो अगदी सरळ, आढेवेढे न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी सातपूरला पोचली तर रत्नाकर गणवेश घालून बूट बांधत होता.

“दादा, हे काय?”

“डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुला, मला आणि हिला माहीत. थेंब घालतोय ना मी. वीस वर्षं घाट चालवलाय, तो वळणावळणानं पाठ आहे मला. आणि बस आपोआप थांबते.”

“माझ्या चौकटीही आपोआपच सरकत होत्या.”

त्यानं बुटाची नाडी ओढली, ती तुटली. तुटकं टोक खिशात घालून तो उठला आणि तिच्या बाजूनं, तिला न बघता, बाहेर पडला. बसच्या मालकाला आपणच फोन करावा का, हे हेमांगीला ठरवता येईना. नंबर काढून ती कितीतरी वेळ जिन्यात उभी राहिली. एकीकडं भावाची भाकरी होती, दुसरीकडं बसमधली चाळीसेक माणसं, आणि त्यांच्यापुढं घाटात चढणारा एखादा स्कूटरवाला. ती बटण दाबणार एवढ्यात दारातून वहिनींनी हाक मारली; त्यांना आगारातून फोन आला होता. रत्नाकर आगारात पोचला होता, पण गाडीत चढला नव्हता. मालकाच्या खोलीत जाऊन त्यानं किल्ली टेबलावर ठेवली होती.

मालक माणूस बरा निघाला. त्यानं रत्नाकरला नियंत्रण कक्षात घेतलं. सगळ्या मार्गांवरच्या बसेस पडद्यावर बघायच्या आणि चालकांशी बोलत राहायचं. पगार थोडा कमी झाला. मात्र रत्नाकर हेमांगीशी बोलेना. तिच्यावर राग धरायला काही कारण नाही, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच बहुधा राग जात नव्हता.

इकडं स्टुडिओत वेगळाच पेच पडला. स्टुडिओच्या प्रमुख उल्काताई बर्वे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, खेळणाऱ्यांना निरोप पाठवायचा नाही. तुम्ही दवाखाना नाही. चुकलात तर घाबरवलं म्हणून लोक दावा लावतील. बरोबर निघालात तर विचारतील, हे माहीत असताना त्यावर भाव कसे लावलेत.

“आणि ते विचारणं रास्तच असेल,” तन्वीर म्हणाला. “मी चौकटींची खूण तराजूतून काढून टाकतोय. कुणाचा भाव चुकला तर चुकू दे.”

“ते कर,” उल्काताई म्हणाल्या. “पण त्या माणसांचं काय? सांगता येत नाही आणि गप्प बसवत नाही.”

“आपण सांगायचंच नाही,” हेमांगी म्हणाली. “त्यांचं त्यांना दिसू दे.”

तिच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. दर्यात प्रत्येक गलबताला डोलकाठी होती आणि काठीवर टेहळणीला बसायची जागा. तिथं बसवायचं खेळणाऱ्यालाच. एक डोळा हातानं झाकायचा, नजर समोरच्या निशाणावर खिळवायची, आणि कडेला कुठंही शीड दिसलं की बटण दाबायचं. मग दुसरा डोळा. डॉक्टरांकडं डोळ्याचं क्षेत्र तपासतात ते साधारण असंच. शेवटी समुद्राचा एक नकाशा मिळायचा: जिथली शिडं दिसली तिथं स्वच्छ पाणी, जिथली निसटली तिथं धुकं. धुकं दाट असेल तर खाली साध्या शब्दांत एक ओळ, की एकदा डोळे दाखवून घ्या. तो नकाशा खेळणाऱ्याच्या यंत्रातच राहील. स्टुडिओकडं येणार नाही, तराजूकडं तर नाहीच.

“खेळात कंटाळवाणं होईल,” उल्काताई म्हणाल्या.

“मी होऊ देणार नाही.”

वकिलांनी त्या ओळीतला एक शब्द बदलला आणि होकार दिला. पुरवणी मात्र लांबली, आणि गटातल्या लोकांनी स्टुडिओला शिव्या घातल्या.

टेहळणी तयार झाली तेव्हा हेमांगीनं वहिनींना सांगितलं. दादाला नाही. तरी पुढच्या शनिवारी तो स्टुडिओच्या दारात उभा होता. रिक्षानं आला होता.

“ही म्हणाली, तुझी टेहळणी तपासायला माणूस पाहिजे,” तो म्हणाला. “माझ्याइतका योग्य कुठं मिळणार?”

तन्वीरनं त्याला खुर्ची दिली. रत्नाकरनं एक डोळा झाकला आणि शिडं शोधायला लागला. तो चिडेल, मधेच उठेल, असं हेमांगीला वाटत होतं. तो उठला नाही. जीभ दातांत धरून, लहान मुलासारखा, तो बटण दाबत राहिला. मग दुसरा डोळा. मग पडद्यावर त्याचा समुद्र आला.

वर उजळ निळं पाणी. खाली डावीकडून धुक्याची एक कमान चढत आली होती, एखादी खाडी आत घुसावी तशी.

रत्नाकर पुढं झुकला. त्यानं धुक्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“पण हेमू, मला इथं काळं दिसत नाही. धुकंही दिसत नाही. मी निशाणाकडं बघतो तेव्हा इथं समुद्रच असतो.”

“तो समुद्र तुझ्या डोक्यातला. आजूबाजूचं बघून भरलेला.”

“रिकामा समुद्र भरलाय मग. जहाजं नाहीत त्यात.” त्यानं बोट तिथंच टेकवलं. “घाटातही असंच भरत असेल. रिकामा रस्ता.”

“असेल.”

“चांगलं चित्र काढतं गं. शिवण दिसत नाही कुठं.” त्याच्या आवाजात राग नव्हता, जुन्या घड्याळाचं झाकण काढून आत बघताना माणूस बोलतो तसं तो बोलत होता. त्यानं ते पुन्हा करून बघितलं, या वेळी मुद्दाम नजर हलवून. धुकं बाजूला सरकलं. तो हसला. पुन्हा हलवली. “म्हणजे डोळा फिरवला की ते माझ्याबरोबर फिरतं, आणि आधी जे झाकलं होतं ते उघडं पडतं. मग झालं की. मला फक्त बघत राहायला पाहिजे.”

“तुझ्या चौकटी वरच ठेवू ना? तुला सोपं जाईल.”

“नको. खाली लाव, पहिल्या होत्या तिथं. आणि त्यांचं सरकणं बंद कर.”

“सगळ्यांचंच बंद करावं का, याचा मी विचार करतेय.”

“सगळ्यांचं तू आणि हा बघा. माझं कर.”

तिनं चौकटी खाली नेल्या आणि तिथं बांधून टाकल्या. रत्नाकरनं खुर्ची पुढं ओढली आणि दर्या उघडला. निजामशाहीचं बंदर चौल, सकाळची वेळ, नव्या रंगाची खाडी. थोड्या वेळानं खाली डावीकडची चौकट लुकलुकली आणि हेमांगीचा हात आपोआप पुढं गेला. तिनं तो मागं घेतला.

रत्नाकरनं मान आधी उजवीकडं फिरवली, मग खाली, मग सावकाश डावीकडं.

“कुणाचं तरी गलबत आलंय,” तो म्हणाला. “निशाण ओळखीचं नाही. तन्वीर, हे कुठले रे?”

“ते मी सांगणार नाही,” तन्वीर म्हणाला.

“बरं. वकील पाठवून विचारतो.”